जिवनबाईच्या काठावरचे बैल

संगिताच्या पोटात पहिली जळजळ उठली ती एका कप चहावरून.

चार महिन्यांनी ती घरी आली होती. घर म्हणजे वसराम नाईक तांडा, हिंगोलीकडच्या गोरेगावपासून कोसभर आत. भाऊ रणजीतच्या जीपमधून ती बॅग काढत होती, तोवर आई, जिवनबाई, चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं पहिला कप दिला तरन्नुमला. ते ठीकच. बाहेरच्या माणसाला आधी द्यायची रीत आहे. पण दुसरा कप संगितापुढं धरताना जिवनबाईनं विचारलं, "साखर चालती का तुला आता?"

तरन्नुमला तिनं काहीच विचारलं नव्हतं. तिला चहा कसा लागतो हे आईला ठाऊक होतं.

तरन्नुम ही संगिताचीच साहाय्यक. गोरेगावच्या इनायत टेलरची धाकटी मुलगी, सव्वीस वर्षांची, समाजकार्यात एम.ए. झालेली. 'जवळच राहते, स्कूटीवर जाऊन येईल' एवढ्या विचारानं संगितानं तिला प्रकल्पावर घेतलं होतं. काम साधं होतं. तांड्यावरच्या बायकांचं भरतकाम बघायचं, त्या बोलतील ते वहीत उतरवायचं आणि दर शनिवारी वहीचे फोटो पाठवायचे. ओसरीवर चटई टाकून जिवनबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. आता मात्र ती तशीच बसली होती. मांडीवर लाल कापड, दातात दोरा, आणि जिवनबाई तिच्या हातावर टपली मारून म्हणत होती, "खडूनं काढू नको म्हणलं ना. धागे मोज. तुज्या बापाच्या दुकानातली सवय तिकडंच ठिव."

"मावशी, मोजता मोजता डोळे फुटतात."

"माजे न्हाई फुटले चाळीस साल."

दोघी हसल्या. संगितानं चहा एका घोटात संपवला. तो गोड होता की अगोड, तिला कळलं नाही.

तांड्यावर संगिताला 'डाक्टरीण' म्हणतात. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका तिला गुडघे दाखवायला यायच्या. आपण पीएच.डी.च्या डॉक्टर, दवाखान्यातल्या नाही, हे तिनं समजावून सांगितल्यावर देवलाकाकीनं विचारलं होतं, "मंग सुई टोचता येत न्हाई तर येवढी वर्षं शिकलीस काय?" हा विनोद तांड्यात अजून चालतो. त्यात किती तथ्य आहे हे म्हणणाऱ्यांना माहीत नाही. संगिताला कुठलीच सुई धरता येत नाही. नऊ वर्षांची असताना तिनं आईच्या डब्यातून एकदा सुई उचलली होती. जिवनबाईनं ती हिसकून घेतली आणि विचारलं, "पुस्तक कुठं हाय तुजं?" पोरीच्या हातात सुई गेली की पोरगी घरात राहून जाते, असं तिचं मत होतं. मग संगिता हिंगोलीच्या वसतिगृहात गेली, दहावी झाली, पुढं मोठ्या शहरात विद्यापीठात गेली आणि तिथंच शिकवायला लागली. लग्नही तिकडच्याच माणसाशी, नोंदणी पद्धतीनं. तांड्यातल्या जत्रेला येते, तेव्हा तिची चप्पल वेगळी ओळखू येते.

तिचं नाव झालं ते मात्र दुसऱ्यांच्या हातकामावर. बारा वर्षं ती अशा ठिकाणी फिरली, जिथं बंदुका चालल्या होत्या, गावं जळाली होती. आसामात ती छावण्यांमध्ये मागावर बसलेल्या बायकांजवळ राहिली, बस्तरमध्ये गाव सोडून रस्त्याकडेला वसलेल्या बायकांबरोबर राहिली. पुरुष परागंदा झालेले असताना घर चालतं ते बाईच्या हातकामावर, आणि त्याचं मोल कुणी कुठं धरत नाही, हे तिनं पुराव्यानिशी मांडलं. आणखी एक गोष्ट तिनं मांडली, ती लोकांना जास्त आवडली. जिथं बोलायची भीती असते, तिथं बाई आपलं गेलेलं सगळं कापडावर ठेवते. ती विद्यार्थ्यांना सांगायची, "रिकाम्या हातानं प्रश्न विचारणारीला कुणी खरं सांगत नाही. मागाच्या कांड्या भरा, दोरा गुंडाळा. आणि लिहिलेलं सांगणारीला वाचून दाखवा, ती मान डोलवेल तरच पुढं जा." आसामात तिनं स्वतः दोन-दोन महिने कांड्या भरल्या होत्या.

हेच सूत्र घेऊन नऊ वर्षांपूर्वी ती तांड्यावर आली होती. बरोबर दोन प्राध्यापक आणि एक कॅमेरावाला. जिवनबाईनं भरलेला फेटिया, म्हणजे घागरा, तिनं सगळ्यांसमोर उलगडला आणि त्याच्या काठावर बोट ठेवलं. वर एक सरळ आडवी रेघ. तिच्याखाली एकामागं एक तीच आकृती, गोल डोकं, खाली वळलेली मान आणि मागं तिरकी गेलेली शेपटी. अशा चाळीस-पन्नास. संगिता म्हणाली होती, "हे आमच्या लदेणीचे बैल. मीठ-धान्य लादून आमचे पूर्वज ज्यांच्यामागं देशभर चालले, ते. आगगाडी आली आणि लदेणी बसली. ही वरची रेघ म्हणजे क्षितिज. व्हय का, याडी?"

आणि याडी, म्हणजे आई, म्हणाली होती, "व्हय."

त्या 'व्हय'वर संगिताचा सगळ्यात गाजलेला लेख उभा होता. त्या लेखामुळं शहरातल्या एका दुकानानं तांड्याच्या पिशव्या मागवल्या, प्रत्येकीला 'लदेणीचे बैल' अशी चिठ्ठी बांधली. तांड्यातल्या बायकाही त्या काठाला बैल म्हणू लागल्या. गेल्या दोन वर्षांत तर पोरींनी त्या आकृतीला शिंगं काढायला सुरुवात केली होती. आता संगिताचं पुस्तक येत होतं. त्यातलं चौथं प्रकरण बैलांचं आणि मुखपृष्ठावरही बैलच. छापायला जाण्याआधीची शेवटची प्रत तिच्या बॅगेत होती. सोमवारी दुरुस्त्या कळवायच्या होत्या. बाकी प्रकरणं कुठल्याही दूरच्या अभ्यासकानं लिहिली असती, हे एक मात्र फक्त तिचं होतं. तिच्या आईचं होतं ना.

आणि त्या आईच्या गुडघ्याला ही इनायत टेलरची पोरगी गुडघा लावून बसली होती.

"हिचा हात बराबर हाय," जिवनबाई कौतुकानं म्हणाली. "उसवलेलं सुदिक कळत न्हाई."

संगितानं तरन्नुमची वही मागितली. पानं चाळली आणि म्हणाली, "तारखा एका बाजूला, नावं दुसऱ्या बाजूला. अशा नोंदी नसतात, तरन्नुम."

"सॉरी मॅडम. नीट करते."

"राहू दे, मी बघते. तू उद्यापासून तीन-चार दिवस सिद्धेश्वरला जा. धरणावर जाळी विणणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या मुलाखती लागतील."

त्या पुस्तकात जाळ्यांचा एक शब्दही नव्हता. तरन्नुमला ते माहीत असावं. तिनं सुई कापडाला टोचली, कापडाची घडी घातली, "मावशी, येते" म्हणाली आणि स्कूटीला किक मारली. जिवनबाई बराच वेळ त्या दिशेनं बघत राहिली. मग संगिताकडं वळून म्हणाली, "लेकराला जेवू तरी द्यायचं व्हतं."

बुधवारी संगिता स्वतः चटईवर बसली. तिनं दोरा ओवायला घेतला. चार वेळा थुंकी लावून टोक वळलं, तरी तो सुईच्या नेढ्यात जाईना. जिवनबाईनं तो तिच्या हातातून घेतला, चष्मा न लावता ओवला आणि सुई स्वतःकडंच ठेवली.

"याडी, हा काठ तू पहिल्यांदा कधी भरलास?"

"लई वर्षं झाली."

"कुणाकडून शिकलीस?"

"आता काय सांगू. सगळं तर तू लिवलंस की."

दोन दिवस हेच चाललं. जिवनबाई तिला भाकरी वाढत होती, डोक्याला तेल लावून देत होती, सोयाबीनचा भाव सांगत होती. कापडाचा विषय निघाला की तेवढ्यापुरती पाहुण्याशी बोलल्यासारखी बोलत होती. मधेच मान वर करून विचारायची, "ती काहून येऊन न्हाई राहिली?" छावणीतल्या परक्या बाईनं जिला आपल्या जळलेल्या घराची किल्ली दाखवली होती, तिला स्वतःची आई टाका दाखवत नव्हती.

शुक्रवारी दुपारी आई शेळीला पाला आणायला गेली, तेव्हा संगितानं तरन्नुमची वही उघडली. चुका काढायच्या म्हणूनच उघडली. दोन महिन्यांपूर्वीचं एक पान होतं, शनिवारच्या फोटोंत कधी न आलेलं. अक्षर टपोरं, जपून काढलेलं. तरन्नुम पाचवीपर्यंत उर्दू शाळेत होती, मराठी अक्षरं तिनं मोठेपणी एकेक गिरवून शिकली होती.

'आज मावशींनी काठ शिकवला. मी म्हणाले, मावशी, हे तर र आहे. वर शिरोरेषा, खाली र, र, र. मावशी हसल्या. म्हणाल्या, तुला वाचता येतं की. मग सगळं सांगितलं. मॅडमना कसं सांगू?'

'मॅडमना कसं सांगू' हे वाक्य पुढच्या तीन पानांवर तीनदा आलं होतं. 'सगळं' काय ते मात्र लिहिलं नव्हतं.

संगितानं बॅगेतून चौथं प्रकरण काढलं. काठाचा फोटो समोर धरला. नऊ वर्षं तिला तिथं मान, वशिंड, शेपूट दिसत होतं. आता काही केल्या बैल दिसेना. एका ओळीत शिरोरेषेखाली लटकलेले र होते, पहिलीतल्या पोरानं पाटीभर घोटून काढावेत तसे. क्षितिज म्हणून जिच्यावर तिनं दीड पान लिहिलं होतं, ती रेघ कुठल्याही पोराला गुरुजी पहिल्या आठवड्यात काढायला लावतात.

जिवनबाई पाला टाकून हात धूत होती. संगिता फेटिया घेऊनच बाहेर आली.

"याडी, हा र आहे?"

"व्हय. र हाय."

"मग मी बैल म्हणाले तेव्हा काहून नाही बोललीस?"

जिवनबाईनं पदराला हात पुसले. "तीन मानसं घिऊन आलती तू. कॅमेरा व्हता. येवढी शिकलेली लेक म्हणून राहिली बैल, मी कशी म्हणू न्हाई? लोकांपुढं आपल्या लेकीला खोटं पाडतात व्हय कुणी?"

"नंतर सांगायचंस. नऊ वर्षं झाली."

"नंतर त्या पिशव्या निगाल्या. पोरींनी शिंगं काढली. मंग मला बी वाटलं, असतील बैल."

संगिता पायरीवर बसली. लेख गेला, पुस्तक गेलं, हे डोक्यात गरगरत असतानाच त्याच्याखालून एक वेगळीच, लहान मुलीसारखी आशा वर आली. अडाणी आई. घरात एकच पोर शिकलेलं. आईनं त्या पोराच्या पाटीवरचं अक्षर उचलून आपल्या घागऱ्यावर भरलं. असं असेल तर बैल गेले तरी चालतील. आवाज शक्य तितका सहज ठेवून तिनं विचारलं, "माझ्या पाटीवरचा का?"

"तुज्या?" जिवनबाईला खरंच आश्चर्य वाटलं. "तुजं तवा नाक मला पुसावं लागत व्हतं. रणजीतच्या पाटीवरला. र रणजीतचा."

संगितानं फेटिया आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आणि माझा स? माझा नाही कुठं भरला?"

"स लई किचकट. सुईला जमत न्हाई." जिवनबाई फेटियाची घडी घालत होती. "आन तुजं तू लिवतच व्हतीस की. त्याचं थांबलं."

शनिवारी ती रणजीतच्या जीपमधून सेनगावला निघाली. काम काही नव्हतं. पुढच्या सीटवर बसली. रणजीत तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. पहिलीतूनच शाळा सुटली, पंचवीस वर्षं झाली या रस्त्यावर जीप चालवतो आणि पाट्या अक्षर लावून लावून वाचतो.

"भिया, याडीच्या काठावर तुझा र आहे, हे तुला माहीत होतं?"

"व्हय की."

"आणि मी जगभर बैल सांगत फिरले."

रणजीतनं गिअर बदलला. "मला वाटलं तुला ठाव असून तू म्हणून राहिली. पुस्तकात बैल बरे दिसत असतील. र ला कोन विचारतंय."

"शाळा का सोडलीस तू?"

"सोडली कुठं. तू झालीस. याडी-बा रानात, तुला कोन बघनार? पाटी घिऊन ओसरीवर बसलो की तू रांगत यायचीस आन पाटी चाटून साफ करायचीस. सगळी अक्षरं तुज्या पोटात गेली, डाक्टरीणबाई. म्हनून तर तू शिकलीस."

मागचे प्रवासी हसले. रणजीतही हसला. त्यात काही डंख होता का, हे ती पुढच्या गावापर्यंत त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. डंख नव्हता. त्यानं तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटली असूयाच. याच्याकडं एकच अक्षर आणि ते आईच्या घागऱ्यावर पन्नास वेळा. आपल्याकडं सगळी बाराखडी, आणि तिथं कानासुद्धा नाही. ज्या भावानं आपल्यापायी शाळा सोडली त्याचाच मत्सर वाटावा, याची तिला लाजही वाटली. मत्सर त्यानं कमी झाला नाही.

घरी येऊन तिनं आईला सरळ सांगितलं, "प्रकरण बदलायचंय. मला सगळं सांग, पहिल्यापासून."

"तरन्नुमला सांगितलं की समदं. परत परत किती सांगू? तिला विचार."

"तिला का सांगितलंस? मला नाही."

"तिला काहीच म्हाईत नव्हतं," जिवनबाई म्हणाली. "तुला समदं म्हाईत असतंय."

रविवारी सकाळी तरन्नुम आली. ओसरीच्या कडेला उभी राहिली, चप्पल काढावी की नाही अशी.

"मॅडम, मी सांगणार होते."

"बस. सांग."

तरन्नुमनं सांगितलं. रणजीतची शाळा सुटली त्या दिवशी गुरुजी पाटी परत मागतील या भीतीनं जिवनबाईनं ती लपवली. तिच्यावर एक ओळ र ची राहिली होती. पुसून जाऊ नये म्हणून पाटी कोथळीत, म्हणजे कापडी पिशवीत, गुंडाळली, तरी रोज थोडी पुसट व्हायची. मग तिनं घाईघाईनं, धागे मोजून, जेवढे दिसत होते तेवढे र फडक्यावर उतरवून घेतले. शेवटचे दोन तिला वाचताच आले नाहीत, म्हणून तिच्या मूळ काठात शेवटचे दोन नेहमी अर्धे असतात. संगितानं त्यावरही लिहिलं होतं, 'थकून बसलेले बैल' असं.

तरन्नुम खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, माझं नाव नको. तुमच्याच आई आहेत. तुम्ही लिहा, मला काही तकलीफ नाही."

संगिताच्या मनात नेमकं हेच होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि लिहिलं, 'या आकृतीचा खरा अर्थ लेखिकेला तिच्या आईनं सांगितला.' वाक्य चांगलं उतरलं होतं. पुस्तक तरत होतं, उलट त्याचं वजन वाढतच होतं. स्वतःची चूक कबूल करणारी अभ्यासक, शेवटी आईपाशी पोचलेली लेक. एवढं झाल्यावर बारा वर्षांच्या सवयीनं तिनं लिहिलेलं सांगणारीला वाचून दाखवलं. नऊ वर्षांपूर्वी घरी हे करायचं राहून गेलं होतं.

जिवनबाईनं ऐकलं. मान डोलवली नाही.

"तुला कवा सांगितलं मी?"

"म्हणजे, तरन्नुमला सांगितलंस, तेच."

"मंग तसं लिव. तू पयले बैल सांगितले, आता हे सांगून राहिली. मी हिला सांगितलं. हिनं विचारलं म्हनून."

तरन्नुमनं तोंड दुसरीकडं केलं. संगिताच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती सगळ्यात जास्त लागली. लोकांपुढं लेकीला खोटं पाडू नये म्हणून नऊ वर्षं गप्प बसलेली आई आज तरन्नुमपुढं तिला सरळ खोटं पाडत होती. म्हणजे तरन्नुम आता 'लोकां'मध्ये मोडत नव्हती.

तिनं वाक्य खोडलं. प्रकाशकाला फोन करून मुखपृष्ठ थांबवायला सांगितलं. तिकडून बराच वेळ कुरकुर आली, ती तिनं ऐकून घेतली. मग तरन्नुम सांगत गेली, ती टंकत गेली, दर परिच्छेदाला आईला वाचून दाखवत गेली. बैल कुणी आणले, शिंगं कशी फुटली, तेही लिहिलं. एका ठिकाणी तरन्नुमनं तिचा शब्द बदलायला सुचवला. शब्द चांगला होता. संगितानं तो जरा वेळ घेऊन घातला.

दुपारपर्यंत प्रकरण झालं. वर नावं घालायची होती. तिनं 'तरन्नुम शेख, संगिता आडे' असं लिहिलं आणि त्याकडं बघत राहिली. मग खाली बारीक अक्षरात एक ओळ जोडली, 'नावे अकारविल्हे घेतली आहेत'. खोटं नव्हतं ते. त आधी, स नंतर. आडनावं धरली असती तर उलटं झालं असतं, पण ते कोण बघायला जातंय. वाचणाऱ्याला वाटेल, पहिलं नाव पहिलं आलं ते केवळ अक्षरांमुळं.

ओळ तिनं काढली. पुन्हा घातली. शेवटी काढूनच मेल पाठवला आणि पाठवल्या पाठवल्या तिला वाटलं, राहू द्यायला हवी होती.

चटईवर तरन्नुमनं पुन्हा लाल कापड घेतलं होतं. तिनं पाच टाके घातले होते, त्यातले तीन जिवनबाई उसवत होती. संगिता लॅपटॉप मिटून जरा जवळ सरकली.

"नुसती बघून काय राहिली," जिवनबाई मान वर न करता म्हणाली, "दोरा धर."

दोघींनीही हात पुढं केला.